ऑयलरचा अंदाज आणि श्रीखंडे सर

कडावला मी गणित शिकवायचो तेव्हा शनिवारच्या शेवटच्या तासाला मुलांपुढे पत्त्यांची सोळा पानं ठेवायचो. चारही रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम. चार ओळींत असे मांडा, की आडव्या-उभ्या कुठल्याच ओळीत रंग किंवा चित्र दोनदा येता कामा नये. मुलं तासाभरात जमवत. शाळेत पत्ते, म्हणून गावात थोडी कुजबुजही झाली.

एका पालकांनी विचारलं, "सर, याचा उपयोग काय?" ते भातशेतकरी. म्हटलं, "काका, तीन वाण आणि तीन खतं पारखायची आहेत, रान उताराचं आहे. नऊ वाफे असे पाडा, की प्रत्येक वाण प्रत्येक खताबरोबर एकदा येईल, आणि वरच्या-खालच्या जमिनीचा फायदा कुणा एकालाच मिळणार नाही." त्यांना ते लगेच पटलं. भात संशोधन केंद्र आमच्या कर्जतलाच आहे, तेव्हा असे प्रयोगाचे वाफे त्यांनी पाहिलेले होते.

आता चारऐवजी सहा घ्या. सहा पलटणी, सहा हुद्दे, छत्तीस अधिकारी. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानं १७८२ साली लिहिलं, की हे जमत नाही. दहा, चौदा, अठरालाही जमणार नाही. सहाचं तारी या फ्रेंच गृहस्थानं १९००च्या सुमारास सगळ्या शक्यता तपासून खरं ठरवलं. मग दहाबद्दल शंका कोण घेणार?

घेतली ती शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी. जन्म १९१७, सागरचा. नागपूरच्या सायन्स कॉलेजात अध्यापन, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या हाताखाली १९५० साली डॉक्टरेट. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसची मांडणी करून दाखवली, पार्कर यांनी दहाची. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं, की दोन आणि सहा सोडून ऑयलरचा अंदाज सगळीकडे चुकला. न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे सर १९६३ ते १९७८ मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते. २०२० साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेले. आमच्याकडच्या किती जणांनी नाव ऐकलं असेल?

माझा एक विद्यार्थी छत्तीसच्या मागे पंधरा दिवस लागला होता. जमणार नाही हे सांगितल्यावर रुसला, "आधी सांगायचं ना, सर!" मी त्याला पार्करची शंभर घरांची मांडणी उतरवून दिली. त्याला ऑयलरच जिंकायला हवा होता, म्हणून त्यानं एकेक घर तपासलं. सोमवारी वही परत आणली.

"एकही चूक नाही सापडली, सर," तो म्हणाला.