पाण्यावरची रेघ



एका जैन डॉक्टराने मासेमारीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी मासे खात नाही; पण समुद्र रिकामा होऊन कुणाचे पोट मारले जात असेल, तर तो प्रश्न फक्त खाणाऱ्यांचा राहत नाही. आमच्या श्रावकाचारात दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा गृहस्थाने आपणहून आखून घ्यायची असते. आजचा विषय अशाच एका मर्यादेचा आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, क्लाइडच्या आखातात, आरन नावाचे बेट आहे. १८८९ च्या कायद्याने तिथे किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ट्रॉलरला मज्जाव केला. पुढे काही सवलती दिल्या गेल्या, तरी रेघ कायम होती. १९८४ मध्ये नव्या कायद्याने ती पुसून टाकली.

ट्रॉलरचे जाळे तळावरून फरफटत नेतात. शिंपल्यांसाठी तर लोखंडी दात्यांचे अवजार तळ खरवडत जाते. या समुद्रात मर्ल नावाच्या चुनखडी शेवाळाची गादी असते. ती वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि माशांची, शिंपल्यांची पिल्ले तिच्या आसऱ्याने जगतात. अवजाराच्या एका फेरीत तिचा चुरा होतो. कॉड, हॅडॉक यांसारखे मासे धंद्यापुरतेही उरले नाहीत. मग होड्या लहान शेवंडी आणि शिंपल्यांकडे वळल्या, म्हणजे तळ ओरबाडणे चालूच राहिले.

बेटावरच्या हॉवर्ड वुड आणि डॉन मॅकनीश या दोन पाणबुड्यांनी तळाची ही दशा डोळ्यांनी पाहिली. १९९५ मध्ये त्यांनी ‘कोस्ट’ ही संस्था उभी केली. तेरा वर्षे पाठपुरावा केल्यावर, २००८ मध्ये, लॅमलॅश उपसागराच्या सुमारे अडीच चौरस किलोमीटर पाण्यात सर्व मासेमारी बंद झाली. २०१४ मध्ये दक्षिण आरनचा मोठा समुद्र संरक्षित ठरला. २०१६ च्या नियमांनी तिथे तळ खरवडणे बंद केले आणि ट्रॉलरना मोजक्या भागांपुरते बांधून टाकले. पिंजरे टाकून शेवंडी धरणाऱ्या लहान होड्यांना मात्र वाव राहिला. यॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांना बंद पाण्यात शिंपले आणि शेवंडी संख्येने व आकाराने वाढलेल्या आढळल्या. हॅनिमन सांगतात की वैद्याला बरे होण्यातला अडथळा ओळखून तो दूर करता आला पाहिजे. लॅमलॅशला बाहेरून काही सोडावे लागले नाही. अडथळा तेवढा काढला.

हे दूरचे वाटेल, पण गोव्याच्या रापणकारांनी हाच लढा १९७० च्या दशकात दिला. मातानी साल्ढाणा त्यांचे पुढारी होते. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटर पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखले गेले. तरीही ट्रॉलर आत शिरल्याच्या तक्रारी आजही ऐकू येतात. २०१७ पासून बंदी असलेल्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीचेही तेच.

ट्रॉलरवाल्यावर कर्ज असते, त्याच्या खलाशांनाही घरदार आहे, हे मान्य. म्हणूनच मागणी ट्रॉलर बुडवण्याची नाही. त्याने आपल्या पाण्यात राहावे, एवढीच आहे. रापण ओढणाऱ्याला खोल समुद्रात जाता येत नाही; ट्रॉलरला जाता येते. मर्यादा ताकदवानानेच पाळायची असते, कारण ती मोडण्याचे बळ त्याच्याकडेच असते.

न टिकणाऱ्या गोष्टीला आपण पाण्यावरची रेघ म्हणतो. आरनमध्ये ती टिकली, कारण बेटावरची सामान्य माणसे तिच्यावर नजर ठेवतात. गोवा, कारवार, मालवणची मासळी आपल्या बेळगावच्या बाजारात येते. ती कुणी, कुठून, कशी आणली, हे विचारण्याची सवय आपण गिऱ्हाइकांनी लावून घ्यावी आणि गस्तीच्या बोटी वाढवण्याच्या मागणीत रापणकारांबरोबर उभे राहावे, एवढी विनंती करून मी थांबतो.