फोनपेक्षा लहान पापलेट नको!

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. ज्या फोनवर आत्ता मला ऐकताय ना, तो जरा हातात घेऊन बघा. बहुतेकांचा फोन पंधरा-सोळा सेंटीमीटर लांब असेल. ही लांबी लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

माझ्या मावशीची अलिबागजवळ छोटी खानावळ आहे. शनिवार-रविवारी मी तिथे गल्ल्यावर बसतो, इन्स्टावर फोटो टाकायचं कामही माझंच. सगळ्यात जास्त खपायची ती पापलेट थाळी. ताटात बरोब्बर मावणारं, अख्खं तळलेलं पापलेट. फोटो तर झकासच यायचा. मीच एकदा म्हणालो, "मावशी, तू अजून लहान घेत जा. किलोत जास्त बसतील, थाळी स्वस्त देता येईल." आणि धंदा वाढला, खोटं कशाला बोलू!

मग एका सकाळी मासे आणायला मी गेलो. आमच्या नेहमीच्या कोळीणमावशींनी एक पापलेट माझ्या हातावर ठेवलं. पंजापेक्षाही लहान. म्हणाल्या, "यानं अजून अंडी पण नाय घातली. तुम्ही मागता म्हणून आम्ही आणतो. पुढं काय खाशील रे पोरा?"

मी गप्प. कारण मागणारा मीच होतो ना!

घरी येऊन वाचायला बसलो. सीएमएफआरआय, म्हणजे समुद्री माशांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या शिफारशीवरून महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370, घोळ 700. हिशोब साधा आहे. माशाला एकदा तरी अंडी घालायची संधी मिळाली पाहिजे. पिल्लंच ताटात आली तर ते बियाणं दळून खाण्यासारखं झालं. गंमत बघा, त्याच वर्षी पापलेटला 'राज्य मासा'चा मान मिळाला. मान द्यायचा आणि पोरवयातच तळायचं!

बरं, यात कोळ्याचंही नुकसानच. पापलेटचा भाव आकारावर ठरतो. मोठ्या पापलेटला किलोमागे जो दर मिळतो, त्याच्या आसपासही लहान पापलेट जात नाही. तोच मासा आणखी काही महिने समुद्रात राहिला असता, तर वजनही वाढलं असतं आणि दरही.

आता तुम्ही म्हणाल, "मोठमोठे ट्रॉलर समुद्र खरवडतात, एलईडी लावून मासेमारी चालते, तिथे आमच्या एका थाळीने काय होणार?" प्रश्न बरोबर आहे. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. त्यावर कारवाई सरकारनेच करायला हवी, ती जबाबदारी आपल्या ताटावर ढकलून चालणार नाही. पण समुद्रात प्रत्येक होडीमागे कोण फिरणार? मासा मात्र शेवटी कुणीतरी विकत घेतंच. आणि तो घेणारा आपण असतो.

मी मावशीशी बोललो. ती म्हणाली, "थाळी बंद केली तर गॅसचं बिल तू भरणार का?" तिचंही खरं होतं. शेवटी मधला मार्ग काढला. लहान पापलेट बंद. मोठं मिळालं तर तुकड्या करून, नाहीतर नाहीच. आणि दारात फळा लावला, 'आजचा मासा'. कधी बांगडा, कधी मांदेली, कधी मुडदुशी. जे जाळ्यात आलं, ते ताटात.

पहिले काही शनिवार बेकार गेले. लोक फळा वाचून परत फिरायचे, मावशी माझ्याकडे बघायची. तो तोटा अजून पूर्ण भरून निघालेला नाही, हेही सांगून टाकतो. पण आता काही गिऱ्हाईकं आल्या आल्या विचारतात, "आज काय आहे?" मांदेलीचा कुरकुरीत फ्राय तर दोन वाजायच्या आत संपतो. एकाच माशामागे सगळे लागलो नाही, तर त्या माशाला दम खायला वेळ मिळतो. एवढंच गणित.

तर आता तो फोन काढा. बाजारात गेलात की पापलेट फोनशेजारी ठेवून बघा. फोनपेक्षा लहान असेल तर नको म्हणा. बोंबील फोनपेक्षा दोन बोटं तरी मोठा हवा. सुरमई दोन फोनांपेक्षाही लांब, म्हणून तुकड्या करायच्या आधी अख्खी बघायला मागा. आणि हॉटेलात फोनएवढंही नसलेलं पापलेट ताटात आलं, तर मालकाला शांतपणे विचारा, "दादा, मोठं नाही का?" दहा जणांनी विचारलं की अकराव्या दिवशी तो विचार करतो. मी पण गल्ल्यावर बसतो, मला माहितीये!

फोनला वास लागेल म्हणताय? पुसून घ्या की राव. भेटू पुढच्या भागात!