कामगाराचे शिक्षण आणि स्मरण



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकविले. आज मी त्या मुलांच्या पालकांच्या शिक्षणाविषयी बोलणार आहे. संसारात पडलेला, चाळिशीला आलेला माणूस कामाच्या जागी नवे कौशल्य कसे शिकतो आणि शिकलेले त्याच्यापाशी कसे टिकते, हा आजचा विषय.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. बालाघाटजवळची भरवेलीची मँगनीजची खाण आपणां सर्वांना परिचित आहे. भूमिगत खाणीत काम करणाऱ्याला छताची पारख असावी लागते. पहारीने छतावर ठोका द्यायचा. खडक भक्कम असेल तर खणखणीत नाद येतो, थर सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो. हे वाक्य पाठ करावयास एक मिनिट पुरते. परंतु तो बद्दपणा कानाने ओळखावयाचा, तर जाणत्या कामगाराच्या शेजारी उभे राहून पुष्कळ ठोके स्वतः द्यावे लागतात. येथे विस्मरणाची किंमत जिवाने मोजावी लागते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली आपले स्मृतिविषयक प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून त्याने दाखविले की, पाठांतर प्रारंभी झपाट्याने ओसरते, पुढे तो वेग मंदावतो. आणि एका बैठकीतील आवृत्तींपेक्षा काही दिवसांच्या अंतराने केलेल्या आवृत्ती अधिक टिकतात. खाणकामगारांसाठी १९६६ साली झालेल्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांत प्रारंभिक शिक्षणाबरोबर नियतकालिक उजळणीचीही तरतूद झाली, ती या दृष्टीने योग्यच होती. मात्र वर्षांच्या अंतराने येणारी उजळणी एकटी पुरेशी नाही. पाळीच्या आरंभी दोन मिनिटे, तीही सांगण्यापेक्षा विचारण्यात घालवावीत. स्वतः आठवून दिलेले उत्तर अधिक काळ स्मरणात राहते.

प्रौढ माणूस कोऱ्या पाटीसारखा येत नाही. आठवडी बाजारात मडके वाजवून घेणाऱ्याला बद्द आवाज आधीच ठाऊक असतो. शिक्षकाने तेथूनच आरंभ करावा, आणि शक्यतो त्याच्याच बोलीत करावा. मग ती पोवारी असो वा गोंडी. दुसरी गोष्ट मानाची. चारचौघांत हसे होईल या भयाने प्रौढ विद्यार्थी न समजताही ‘समजले’ म्हणतो. म्हणून ‘समजले का?’ हा प्रश्न व्यर्थ होय. ‘दादा, एकदा करून दाखवा आणि असे का केले तेही सांगा’ असे म्हणावे. चुकल्यास एकांतात सुधारावे.

शिक्षक मित्रांनो, ज्याला छत वाजवून पाहता येते तो पाळी संपल्यावर घरी परततो आणि त्याचे मूल दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात येऊन बसते. त्याच्या शिक्षणाशी आपला संबंध इतका निकटचा आहे.