साहेबराव म्हणजे नेमके कोण?

आजचा भाग एका नावाबद्दल आहे. साहेबराव. माझ्या आजोबांचं नाव.

आम्ही वाशिम जिल्ह्यातले, मंगरुळपीर तालुक्यातले. आजोबांनी अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात सालदार म्हणून काढलं. गावात लोक गंमत करायचे, "सालदार अन् नाव साहेबराव!" आजोबा हसून सोडून द्यायचे.

मागे ताईच्या लग्नाची पत्रिका छापायची होती. फॅमिली ग्रुपवर एकानं मेसेज टाकला, "आबांचं नाव अरबी आहे म्हणे. पत्रिकेत दुसरं काही टाकायचं का?" खाली दोघांचे अंगठे. मला ते लागलं. म्हटलं, आधी नाव तरी समजून घेऊ.

तर हो, 'साहेब' अरबीच आहे. मूळ शब्द 'साहिब'. आपल्याला वाटतं साहेब म्हणजे बॉस. धनी, मालक हा अर्थ अरबीतही आहे. पण या शब्दाच्या मुळाशी आहे तो सोबती. प्रेषित महंमदांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात, तेही याच मुळातून. आणि आता ऐका, आपला रोजचा 'सोबत' हा शब्दसुद्धा तिथूनच आलाय! अरबी 'सुहबत', मराठीत झालं सोबत. "थांब, मी सोबत येतो" म्हणताना आपण आबांच्या नावाचाच भाऊबंद वापरतो.

पुढचा 'राव' मात्र संस्कृत 'राजन्'वरून आलेला. म्हणजे एकाच नावात दोन भाषा सुखानं नांदतायत.

हे आपल्याकडे आलं कसं? वऱ्हाडात १४९० मध्ये इमादशाही सुरू झाली, मग निजामशाही, मोगल, निजाम. दरबारात फारसी चालायची आणि तिच्यासोबत अरबी शब्द गावापर्यंत पोचले. हक्क, वारस, तहसील, हे सगळे अरबी. आपण 'वाशिम जिल्हा' म्हणतो, त्यातला 'जिल्हा'पण. हिंमतराव, दौलतराव ही नावं तर प्रत्येक गावात सापडतील. त्यातले हिंमत आणि दौलतही तिकडचेच.

आणखी एक. मालोजीराजे भोसल्यांना दोन मुलं, शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ही नावं ठेवली, असं सांगतात. 'शाह' फारसी, 'शरीफ' अरबी, अर्थ थोर, कुलीन. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण वडिलांचं नाव शहाजीराजेच राहिलं. कारभाराची भाषा बदलता येते, बापाचं नाव कोण बदलतं?

हे सगळं मी ग्रुपवर व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. कोणी काही बोललं नाही. मग आबांना ऐकवलं. त्यांना वादाचं काही माहीतच नव्हतं. ऐकून म्हणाले, "नाव मायं हाये ना? मंग मले काहून नाई पुसलं?"

खरं सांगतो, मीसुद्धा विचारलं नव्हतं. अर्थ शोधत बसलो, ज्याचं नाव त्याला विसरलो.

पत्रिकेत साहेबरावच छापलं. मोठ्या अक्षरात.

तुमच्या घरात असं एखादं जुनं नाव असेल तर कॉमेंटमध्ये सांगा. पण आधी त्या माणसाजवळ बसून विचारा. भेटू पुढच्या भागात!