कुलूप, किल्ली आणि सरकार
(वाशी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपण बसलो आहोत तेथून तळोज्याचे मध्यवर्ती कारागृह फार दूर नाही. आजच्या विषयाशी त्याचा काय संबंध, ते पुढे सांगतो. आधी मूळ प्रश्न: गुप्त संदेशांवर सरकार परिणामकारक बंदी घालू शकते काय?

१९४२ साली बिनपरवाना प्रक्षेपणास बंदीच होती. तरीही उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत सुमारे तीन महिने काँग्रेस रेडिओ चालविला. नोव्हेंबरात तो पकडला गेला, तो फितुरीमुळे, बंदीहुकुमामुळे नव्हे.

आज ज्याला एन्क्रिप्शन म्हणतात, ते तर निव्वळ गणित आहे आणि ते १९७० च्या दशकापासून जगापुढे छापील स्वरूपात आहे. बँकेचा व्यवहार ज्या कुलपाने सुरक्षित राहतो, त्याच जातीचे कुलूप आपल्या संदेशाला असते. एकाला परवाना आणि दुसऱ्याला मनाई, हे कसे साधणार? सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने एक मसुदा काढला. संदेशाची उघडी प्रत नागरिकाने ९० दिवस जपून ठेवावी, अशी त्यात अट होती. लोकक्षोभ होताच काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. २०२१ च्या नियमांनी संदेशाचा पहिला कर्ता शोधून देण्याची सक्ती मोठ्या कंपन्यांवर केली. त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे २०२३ मध्ये १४ संदेश-अ‍ॅप्स रोखण्यात आली. परंतु त्यांतील ब्रायरसारख्यांची आज्ञावली सर्वांना खुली आहे. ज्याला गुन्हाच करायचा आहे, तो ती मिळवील. बंदी पाळील तो सरळमार्गी माणूस.

मग दहशतवाद्यांचे काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात सूत्रधारांचे इंटरनेटवरून येणारे फोन आपल्या यंत्रणांनी ऐकले, ध्वनिमुद्रित केले, आणि तो पुरावा ठरला. विशिष्ट संशयितावर लक्ष ठेवणे हा तपास होय. कोट्यवधींच्या कुलपांची किल्ली मागणे म्हणजे सर्वांनाच संशयित ठरविणे होय.

आता तळोजा. एल्गार परिषद खटल्यातील रोना विल्सन तेथे कैदेत होते. त्यांच्या संगणकात बाहेरून शिरून कागदपत्रे पेरली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. त्याच तळोज्यातील कैदी स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, मुंबईच्या रुग्णालयात वारले. आर्सेनलचे म्हणणे खरे असेल, तर त्याचा अर्थ गंभीर आहे: दाराचे कुलूप शाबूत ठेवून कोणी भिंत फोडली. पेरलेला कागद आणि लिहिलेला कागद यांतील फरक न्यायालयात सिद्ध होईपर्यंत माणसाचे आयुष्य सरते.

म्हणून बंदी फसेल एवढ्यावर समाधान मानू नका. ती गुप्तता नष्ट करू शकणार नाही; पण ती वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवू शकेल, आणि कोणाला पकडायचे याची निवड सत्तेच्या हाती देईल.

एक पथ्य आपणही पाळू. भूमिगत कार्यकर्त्यांनी प्रकट व्हावे, असा सल्ला गांधीजींनी १९४४ मध्ये दिला होता. आपला कार्यक्रम, आपला हिशेब, आपले ठराव उघडेच असावेत. मात्र संपाची तयारी करणाऱ्या कामगाराचे खाजगी बोलणे मालकाच्या वा पोलिसांच्या कानी जाता कामा नये. संघटना उघडी आणि माणसाचे खाजगीपण अभंग, यांत विसंगती नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो निकाल शाखाशाखांतून समजावून सांगणे, हे आपले काम आहे.