कचरा घराचा, काम बाईचं?

(महिला मंडळांच्या बैठकीतील भाषण)



सोसायट्यांच्या फलकावर 'गृहिणींनी ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा' अशी सूचना असते. गृहिणींनीच का? दाढीचं ब्लेड, बियरची बाटली, वेफर्सची पिशवी हा कचरा काय एकट्या गृहिणीचा? म्हणजे स्वयंपाक, धुणी-भांडी, म्हाताऱ्यांची औषधं यांत आता पर्यावरणाचीही भर पडली. काम वाढलं की ते आपसूक बाईच्या वाट्याला येतं, हे आपल्याला नवीन नाही.

म्हणून 'आम्ही नाही वेगळा करणार' असं म्हणावं का? तसं म्हणता येत नाही. आपण वेगळा केला नाही, तरी कुणीतरी तो करतंच. पुण्यात हे काम मुख्यतः बायाच करतात, आणि त्यातल्या बहुतेक दलित आहेत. १९९३ साली त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांचा त्यात मोठा वाटा होता. उकिरड्यावर वेचणारी बाई चोर नाही, कामगार आहे, हे संघटनेनं ठणकावून सांगितलं. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महानगरपालिकेशी करार केला आणि घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. कचऱ्यावरचा त्यांचा हक्क असा लढून मिळाला आहे.

आता आपल्या बादलीत बघा. चहाचा चोथा वर्तमानपत्रावर पडला की कागद भिजतो, भंगाराच्या दुकानात त्याचा भाव उतरतो. दुधाची पिशवी विसळून वाळवली तर विकली जाते. आंबली तर ती बाई ती हातानं धुते, नाहीतर सोडून देते. पिशवीचा कोपरा कापून वेगळा काढू नका, लोंबता ठेवा. तो एवढासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. फुटकी काच कागदात गुंडाळा आणि तिला तसं सांगा. आणि एक गोष्ट जरा स्पष्टच बोलते. चांगली रद्दी रद्दीवाल्याला विकायची आणि खरकटं तेवढं हिच्या हातात द्यायचं, ही आपली जुनी सवय आहे. विकला जाणारा माल ही तिची कमाई आहे.

सॅनिटरी नॅपकिनचं तर बोलायलाच हवं. ते उघडे टाकले की दुसऱ्या बाईला ते हाताळावे लागतात. २०१३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचक बायांनी वापरलेले नॅपकिन गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांना पाठवून दिले होते. मला ते फार आवडलं! प्रत्येक नॅपकिन टाकण्यासाठी कंपन्यांनी पाकिटातच वेष्टन द्यावं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं. मिळालं तर वापरा, नाहीतर कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा. कुणी म्हणेल, कापड वापरा, पूर्वी कुठे होता हा कचरा? पण एका खोलीच्या घरात, नळाला तासभर पाणी येत असताना, ते कापड धुवायचं कधी आणि उन्हात वाळवायचं कुठे? जिला जमेल तिनं कापड किंवा कप जरूर वापरावा. जिला जमत नाही तिला अपराधी वाटायला लावू नका.

पूर्वी कचरा कमी होता हे खरंच. जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, उरलेले कपडे बोहारणीला जायचे. पण ती गोधडी रात्री जागून शिवायचं कोण? काटकसरीचं कौतुक करताना हे विसरू नये.

कचरा कमी करायचा तर खरेदीपासून सुरुवात करा. शांपूच्या पुड्या आणि चकचकीत वेष्टनं सहसा भंगारवालाही घेत नाही. बाजारात जाणाऱ्यानं पिशवी नेली, तर निम्मी कटकट वाचते. ओल्या कचऱ्याला कुंडी पुरते: तळाला भोकं, वर सुका पालापाचोळा, मूठभर शेणखत, आणि आठवड्यातून एकदा खालवर करणं. खत व्हायला दोन-तीन महिने लागतात. ते खालवर करणं कॉलेजातल्या मुलाला उत्तम जमतं, मी पाहिलंय.

तेव्हा मंडळात यावर बैठक घ्याल, तर ती दुपारी नको. रविवारी सकाळी ठेवा, पुरुष घरी असताना. आणि वस्तीतल्या कचरा नेणाऱ्या बाईंना बोलवा, बसायला खुर्ची द्या. तुमच्या बादलीत काय असतं, हे त्या तुमच्यापेक्षा नीट सांगतील.