'अज्ञानां'च्या नावाचा अर्ज



रायपूरच्या ज्या मराठी घरांत गावाकडचा सातबारा जपलेला असेल, त्यांना बालवारसाच्या नावालगतची 'अ.पा.क.' ही अक्षरे ठाऊक असतील : अज्ञान पालनकर्ता. कायद्याची मराठी अल्पवयीनाला 'अज्ञान' म्हणते. शब्द बोचरा, पण व्यवस्था शहाणपणाची. हक्क बालकाचा, सही वडीलधाऱ्याची.

जमिनीचा हा न्याय हवेलाही लागू पडतो. २०१५ मध्ये दिल्लीतील तीन तान्ह्या बालकांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. त्यांतील सर्वांत मोठे मूल चौदा महिन्यांचे होते. सह्या अर्थातच पालकांच्या. या 'अर्जुन गोपाल' खटल्यात २३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने दिवाळीतील फटाके रात्री ८ ते १० या वेळेपुरते मर्यादित केले. (आदेश किती पाळला जातो, हे पाडव्याची सकाळ सांगते.)

मुलांच्या निरोगी पर्यावरणासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातच प्रदूषणमुक्त हवा-पाणी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये 'सुभाष कुमार' खटल्यात म्हटले. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे २४ वे कलमही बालकाच्या आरोग्याचा विचार करताना प्रदूषणाचे धोके लक्षात घेण्यास सांगते. प्रत्येक अर्जाला यश येतेच असे नाही. उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या रिधिमा पांडेने २०१७ मध्ये हवामानबदलाविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०१९ मध्ये तिला रिकाम्या हाताने परतावे लागले. मात्र मार्च २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केला.

रायपूरला हा प्रश्न दूरचा नाही. उरला-सिलतरा येथील स्पंज आयर्नच्या भट्ट्या कोळशावर चालतात, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी धूळ इथल्या गृहिणींना नवी नाही. मूल मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेते. वजनाच्या मानाने अधिक हवा, आणि म्हणून अधिक धूळ, त्याच्या छातीत जाते. त्याला हे सांगता येत नाही, खोकता मात्र येते.

तक्रारीसाठी छत्तीसगढ पर्यावरण संरक्षण मंडळ रायपुरातच आहे. तेथे दाद न लागल्यास हरित न्यायाधिकरणाचे भोपाळ खंडपीठ आहे. परंतु तेथे वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. म्हणून काजळी दिसली त्या दिवसाची तारीख, छायाचित्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मंडळाकडील तक्रारीची पोच एकाच फाइलमध्ये राहू द्यावी. अर्जावर नाव बालकाचे असेल; सहीची जागा पालकांसाठी मोकळी आहे.